लिली पार आणि बंद मैदानें

१९२० सालच्या नाताळांत, बॉक्सिंग डेच्या सुटीच्या दिवशीं, लिव्हरपूल शहरांतील गुडिसन पार्क या मैदानावर फुटबॉलचा एक सामना झाला. एव्हर्टन या नामांकित क्लबाचें हें त्या काळचें मैदान. तेथें गर्दी होणें ही कांहीं नवलाची गोष्ट नव्हे. पण त्या दिवशीं आंत ५३,००० प्रेक्षक होते, आणि जागा संपली म्हणून दरवाजाबाहेर राहिलेल्यांची संख्याहि हजारांनीं मोजावी अशी होती. खेळणारे दोन्ही संघ स्त्रियांचे होते. एक सेंट हेलन्स गांवचा. दुसरा प्रेस्टन येथील ‘डिक, केर’ नांवाच्या कारखान्यांतील मुलींचा. डिक-केर संघाची हुकमी गोल करणारी फ्लॉरी रेडफर्ड हिची आगगाडी चुकली होती. त्यामुळें पहिल्या अर्ध्या डावांत जेनी हॅरिस या ठेंगण्या मुलीनें केलेल्या एकाच गोलावर संघाला समाधान मानावें लागलें. मध्यंतरानंतर कप्तान अॅलिस केल ही आपली पिछाडीची जागा सोडून आघाडीस आली, आणि तिनें एकटीनें तीन गोल केले. सामना ४-० असा सुटला. तिकिटांचे ३,००० पौंडांहून अधिक पैसे जमले, ते धर्मादायास गेले.

या विजयी संघांत डाव्या बगलेवर खेळणारी पंधरा वर्षांची एक मुलगी होती. तिचें नांव लिली पार. त्या दिवशींची गर्दी पाहून कोणालाहि वाटलें असतें कीं, या मुलीपुढें आतां मोकळें मैदान पडलें आहे. पण वर्ष पुरें होण्याच्या आंतच इंग्लंडांतील प्रत्येक चांगल्या मैदानाचा दरवाजा तिला बंद झाला, आणि तो पुढें जवळ जवळ ५० वर्षें बंद राहिला. त्या ५० वर्षांपैकीं ३० वर्षें ती खेळतच होती. श्रोतेहो, आज आपणांस सांगावयाची हकीकत ती हीच.

स्त्रियांनीं फुटबॉल खेळणें ही गोष्ट इंग्लंडला अगदींच नवी नव्हती. १८९५ च्या मार्च महिन्यांत लंडनच्या क्राउच एंड भागांत ‘ब्रिटिश लेडीज फुटबॉल क्लब’ या मंडळाचा पहिला जाहीर सामना झाला, तेव्हां तो पाहावयास सुमारें दहा हजार लोक जमले होते. लेडी फ्लॉरेन्स डिक्सी या त्या मंडळाच्या अध्यक्ष होत्या. परंतु त्या वेळच्या प्रेक्षकांचें व बातमीदारांचें लक्ष चेंडूपेक्षां खेळणाऱ्या स्त्रियांच्या पोषाखाकडेच अधिक होतें. कुतूहल शमलें, तसा तो प्रयत्नहि थोड्याच काळांत मावळला.

या खेळाला खरा आधार मिळाला तो पहिल्या महायुद्धामुळें. पुरुष रणांगणावर गेले, आणि त्यांच्या जागीं दारूगोळ्याच्या कारखान्यांत लाखों स्त्रिया कामाला आल्या. तें काम फुलें गुंफण्याचें नव्हतें. टीएनटी या स्फोटक द्रव्याच्या संसर्गानें त्यांची कातडी पिवळी पडे; लोक त्यांना कॅनरी पक्ष्याच्या नांवानें हांक मारीत. १९१६ च्या डिसेंबरांत लीड्सजवळील बार्नबो येथील कारखान्यांत स्फोट होऊन ३५ स्त्रिया एका रात्रींत प्राणास मुकल्या. अशा कामांतून मिळालेल्या अर्ध्या तासाच्या सुटींत या मुली कारखान्याच्या आवारांत चेंडू खेळूं लागल्या. मालकांनाहि तें बरें वाटलें. कारण खेळून आलेला कामगार उल्हासानें काम करतो. पाहतां पाहतां कारखान्याकारखान्यांतून संघ उभे राहिले. ईशान्य किनाऱ्यावरील संघांसाठीं तर एक चषकच ठेवण्यांत आला, आणि १९१८ च्या मे महिन्यांत तो ब्लाइथ स्पार्टन्स नांवाच्या मुलींच्या संघानें जिंकला.

प्रेस्टनची डिक, केर आणि कंपनी ही ट्रामगाड्या व हलक्या रेल्वेचें सामान तयार करणारी कंपनी. युद्ध पेटल्यावर तेथें तोफेचे गोळे तयार होऊं लागले. १९१७ सालच्या ऑक्टोबरांत कारखान्यांतील पुरुषांचा संघ सारखा हरूं लागला, तेव्हां मुलींनीं त्यांची थट्टा केली. पुरुषांनीं त्यांना ‘मग तुम्हीच खेळून दाखवा’ असें म्हटलें, आणि ग्रेस सिबर्ट नांवाच्या बाईनें पुढें होऊन तें आव्हान घेतलें, अशी हकीकत सांगतात. कचेरींतील आल्फ्रेड फ्रँकलंड हे गृहस्थ खिडकींतून हा खेळ पाहत. या मुलींत कांहीं वेगळें पाणी आहे हें त्यांनीं ओळखलें, आणि संघाची व्यवस्था त्यांनीं आपल्या अंगावर घेतली.

१९१७ च्या नाताळच्या दिवशीं प्रेस्टन नॉर्थ एंड या प्रसिद्ध क्लबाच्या डीपडेल मैदानावर या संघाचा पहिला मोठा सामना झाला. समोर अरुंडेल कोल्थर्ड या ओतीव कारखान्यांतील मुली होत्या. दहा हजार लोक जमले, डिक-केर संघ ४-० असा विजयी झाला, आणि २०० पौंड जखमी सैनिकांच्या इस्पितळास मिळाले. काळेपांढरे पट्टे असलेला सदरा आणि केस झांकणारी तशीच पट्ट्यांची टोपी, हा या संघाचा वेष लौकरच साऱ्या लँकेशायरच्या ओळखीचा झाला.

सेंट हेलन्स हें त्या काळीं त्याच लँकेशायर परगण्यांतील कांचकारखान्यांचें गांव होतें. तेथें २६ एप्रिल १९०५ रोजीं एका मजुराच्या घरीं लिलीचा जन्म झाला. सात भावंडांत ती चौथी. घरकामापेक्षां भावांबरोबर मोकळ्या जागेंत फुटबॉल आणि रग्बी खेळण्यांत तिचा जीव अधिक रमे. बरोबरीच्या मुलांत खेळून खेळून तिच्या डाव्या पायांत असें कांहीं बळ आलें कीं, तिनें मारलेला चेंडू अडवितांना मोठ्या माणसांनाहि विचार पडे. वाढत्या वयाबरोबर ती उंचहि झाली; तिची उंची सहा फुटांच्या जवळपास होती. केस काळेभोर, बोलणें रोखठोक, आणि स्वभाव कोणापुढें न दबणारा.

ती प्रथम गांवच्या संघांतून खेळूं लागली. डिक-केर संघाशीं त्यांचा सामना झाला, तेव्हां सेंट हेलन्सचा पराभव झाला खरा. पण फ्रँकलंड यांच्या नजरेंतून त्या संघांतील दोन मुली सुटल्या नाहींत. एक अॅलिस वूड्स आणि दुसरी लिली. त्यांनीं दोघींनाहि प्रेस्टनला बोलावून घेतलें. लिलीला कारखान्यांत काम मिळालें आणि संघांतील अॅलिस नॉरिस या मैत्रिणीच्या घरीं राहावयास जागा मिळाली. एका सामन्यामागें बुडालेल्या मजुरीची व प्रवासखर्चाची भरपाई म्हणून १० शिलिंग मिळत. लिली त्यांखेरीज वुडबाइन सिगारेटीहि मागून घेई, असें तिच्याविषयीं मौजेनें सांगतात. पहिल्याच हंगामांत तिनें ४३ गोल केले. एका धंदेवाईक पुरुष गोलरक्षकानें, ‘मुलीचा चेंडू तो काय!’ म्हणून तिला डिवचलें, आणि तिचा फटका अडवितांना त्याचा हात मोडला, अशीहि एक आख्यायिका आहे. आख्यायिका शब्दशः खरी नसेल. पण ज्यांच्याविषयीं लोकांना कांहींच वाटत नाहीं त्यांच्याविषयीं आख्यायिका निर्माण होत नसतात.

युद्ध संपलें, तोफगोळे बंद झाले, इतर कारखान्यांतील बहुतेक संघ मोडले. डिक-केर संघ मात्र टिकला, आणि देशाबाहेरहि त्याचें नांव गेलें. फ्रान्समध्यें त्या वेळीं अॅलिस मिलिया ही कर्तबगार बाई स्त्रियांच्या खेळांची चळवळ चालवीत होती. १९२० च्या वसंतांत ती फ्रेंच मुलींचा संघ घेऊन इंग्लंडांत आली. चार सामने झाले. डीपडेलवर २५,००० लोकांसमोर प्रेस्टनच्या मुली २-० अशा जिंकल्या; स्टॉकपोर्टला त्यांनीं पुन्हां जय मिळविला; मँचेस्टरला बरोबरी झाली; आणि लंडनच्या स्टॅमफर्ड ब्रिज मैदानावर फ्रेंच मुलींनीं २-१ असा विजय मिळवून परतीची वाट धरली. युद्धांत एकाच बाजूनें रक्त सांडलेल्या दोन राष्ट्रांच्या मुली दोन वर्षांच्या आंत मैदानावर भेटल्या, आणि जमलेला पैसा युद्धांत जायबंदी झालेल्या सैनिकांसाठीं दिला गेला.

त्याच वर्षीं ऑक्टोबरांत प्रेस्टनचा संघ समुद्र ओलांडून फ्रान्सला गेला. ज्या मुलींनीं लँकेशायरबाहेर फारसें पाऊल टाकलें नव्हतें, त्या आतां पॅरिसच्या पर्शिंग मैदानावर २२,००० लोकांपुढें उभ्या राहिल्या. सामना १-१ असा बरोबरींत होता. शेवटचीं कांहीं मिनिटें उरलीं असतां पंचाच्या एका निर्णयावरून प्रेक्षक भडकले आणि मैदानांत घुसले. सामना तेथेंच थांबवावा लागला. पुढें रूबे, ल हाव्र आणि रूआं या ठिकाणीं प्रेस्टनच्या मुली विजयी झाल्या, आणि एकदांहि न हरतां घरीं आल्या.

परत आल्यावर डिसेंबरांत त्यांनीं एक अपूर्व प्रयोग केला. दिवसां काम, तर खेळावयाचें केव्हां? तेव्हां रात्रीं खेळण्याचें ठरलें. त्या काळीं मैदानांवर दिवे नसत. विमानें शोधण्यासाठीं युद्धांत वापरलेले दोन प्रखर प्रकाशझोत मिळावेत म्हणून युद्धमंत्री विन्स्टन चर्चिल यांच्याकडे मागणी करण्यांत आली, आणि ती मान्य झाली. अंधारांत दिसावे म्हणून चेंडूंना पांढरा रंग दिला. बारा हजार लोक हा रात्रीचा खेळ पाहावयास डीपडेलवर आले, आणि त्यांतून ६०० पौंडांहून अधिक रक्कम बेकार माजी सैनिकांना मिळाली. गुडिसन पार्कचा तो अफाट सामना यानंतर थोड्याच दिवसांनीं झाला.

१९२१ सालीं तर कीर्तीचा कळस झाला. या एका वर्षांत संघानें ६७ सामने खेळले आणि सुमारें नऊ लाख लोकांनीं ते पाहिले. हें सर्व कारखान्यांतील काम सांभाळून! मे महिन्यांत फ्रेंच संघ पुन्हां आला, तेव्हां लाँगटन येथील सामना प्रेस्टननें ५-१ असा जिंकला. ते पांचहि गोल सोळा वर्षांच्या लिलीचे होते. त्याच वर्षीं कोळशाच्या खाणींत टाळेबंदी झाली, आणि खाणकामगारांच्या घरांतील चुली विझल्या. मुलींच्या फुटबॉल संघांनीं त्या उपाशी कुटुंबांसाठींहि सामने खेळले. सैनिकांसाठीं पैसा जमविणें निराळें आणि मालकांशीं झगडणाऱ्या मजुरांसाठीं जमविणें निराळें. ही गोष्ट सर्वांना सारखीच रुचली असेल असें समजण्याचें कारण नाहीं.

५ डिसेंबर १९२१ रोजीं इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनच्या मंडळानें एक ठराव केला. त्याचा आशय असा कीं, फुटबॉल हा खेळ स्त्रियांना सर्वथा अयोग्य असून त्यास उत्तेजन देऊं नये. शिवाय अशा सामन्यांच्या उत्पन्नाचा वाजवीपेक्षां अधिक भाग खर्चांत जातो आणि धर्मादायास कमी मिळतो, अशा तक्रारी आहेत. सबब असोसिएशनच्या घटक क्लबांनीं आपलीं मैदानें स्त्रियांच्या सामन्यांसाठीं देऊं नयेत.

या ठरावांत दोन कारणें आहेत. दोन्ही नीट तपासून पाहण्यासारखीं आहेत.

पहिलें कारण शरीराचें. स्त्रीच्या देहास हा खेळ सोसणार नाहीं असें म्हणणारे वैद्य त्या वेळीं मिळाले, आणि त्यांचीं मतें वर्तमानपत्रांतून ठळकपणें छापून आलीं. पण हाच देह चार वर्षें तोफगोळे उचलीत होता. विषारी द्रव्यानें कातडी पिवळी पडत होती, तेव्हां स्त्रीच्या प्रकृतीची चिंता वाहण्यासाठीं कोणत्याहि मंडळानें मैदानें वा कारखाने बंद केले नाहींत. जें शरीर दहा-दहा तास यंत्रापुढें उभें राहण्यास समर्थ होतें, तें दीड तास चेंडूमागें धावण्यास असमर्थ कसें ठरावें? हा प्रश्न त्या मुलींनाहि पडला असल्यास नवल नाहीं.

दुसरें कारण पैशाचें. येथें न्यायानें बोललें पाहिजे. शेंकडों सामने, हौशी चिटणीस, गांवोगांवचीं निमंत्रणें; तेव्हां कोठें हिशेबांत ढिलाई झालीच नसेल असें छातीठोकपणें कोण सांगेल? पण त्याच असोसिएशनच्या नियमांप्रमाणें त्या वेळीं धंदेवाईक पुरुष खेळाडूला आठवड्यास ९ पौंडांपर्यंत वेतन घेतां येत होतें. लिलीला सामन्यामागें मिळत होते १० शिलिंग, म्हणजे अर्धा पौंड. आणि समजा, हिशेब वाईट होते. तर वाईट हिशेबावर उपाय हिशेबतपासणीचा असतो. मैदानास कुलूप लावण्यानें हिशेब सुधारत नाहीं.

मग खरें कारण काय असावें? ठरावांत तें लिहिलेलें नाहीं; परिस्थितीवरून अनुमान करावें लागतें. युद्धांतून परतलेल्या पुरुषांना कामें हवीं होतीं, आणि स्त्रियांनीं कारखान्यांतून घरीं परतावें असा चहूंकडून आग्रह होता. नेमक्या याच काळांत, १९२० व १९२१ सालीं, पुरुषांच्या फुटबॉल लीगनें आपला तिसरा वर्ग सुरू करून वाढविला. या नव्या क्लबांना प्रेक्षक हवे होते, आणि मुलींचा एक संघ तर एका वर्षांत नऊ लाख प्रेक्षक ओढीत होता. युद्धाच्या दिवसांत मुलींचा खेळ उपयोगी होता, कारण त्यानें इस्पितळें चालत. शांततेच्या दिवसांत तो खेळ म्हणून उभा राहूं लागला, आणि त्याच वेळीं तो अयोग्य ठरला. या कालक्रमांतच त्या ठरावाचा पुष्कळसा अर्थ आहे.

ठरावाचा परिणाम कसा घडला हेंहि समजून घेण्यासारखें आहे. कोणत्याहि मुलीला खेळण्याची बंदी झाली नव्हती. कोणासहि दंड वा शिक्षा नव्हती. बंद झालीं तीं फक्त मैदानें. पण हजारों प्रेक्षकांना बसण्याची सोय, फाटक आणि तिकिटांची खिडकी असलेली जागा नसेल, तर उत्पन्न नाहीं. उत्पन्न नसेल तर धर्मादाय संस्थांचीं निमंत्रणें नाहींत. निमंत्रणें नसतील तर प्रवासखर्च कोठून यावा? त्या वेळीं इंग्लंडांत मुलींचे सुमारें दीडशें संघ होते. १० डिसेंबरला, म्हणजे पांचच दिवसांनीं, त्यांतील कांहीं संघांचे प्रतिनिधी लिव्हरपुलांत जमले व त्यांनीं स्त्रियांची स्वतंत्र असोसिएशन स्थापन केली. पण मैदानांवांचून ती संस्था फार दिवस जगली नाहीं. एकामागून एक संघ विरून गेले. नांगरलेल्या शेतांत खेळावें लागलें तरी आम्हीं खेळूंच, असें फ्रँकलंड यांनीं जाहीर केलें, आणि तें शब्दशः खरें करून दाखविण्याचे दिवस आले.

घरीं दारें बंद झालीं म्हणून संघ पुन्हां परदेशाकडे वळला. १९२२ च्या सप्टेंबरांत ‘माँटक्लेअर’ बोटीनें या मुली कानडाकडे निघाल्या. त्यांच्याबरोबर कार्मेन पोमिएस ही फ्रेंच खेळाडूहि होती. दोन वर्षांपूर्वीं समोरच्या संघांतून खेळलेली ही मुलगी आतां यांच्यांतलीच झाली होती. किनाऱ्यास लागतात तों काय? कानडाच्या फुटबॉल मंडळानेंहि स्त्रियांच्या सामन्यांस परवानगी नाकारली होती. लंडनच्या ठरावाची सावली अटलांटिक महासागर ओलांडून त्यांच्या आधीं जाऊन पोंचली होती.

तेथून संघ अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत गेला. तेथें आणखी एक आश्चर्य त्यांची वाट पाहत होतें. त्यांच्याशीं खेळण्यासाठीं स्त्रियांचे संघच नव्हते. जे प्रतिपक्षी ठरविले होते ते सारे पुरुषांचे संघ होते! परत फिरावें तर प्रवासाचा खर्च अंगावर पडे. त्या खेळल्या. न्यू जर्सीमधील पॅटरसनच्या संघाशीं पहिला सामना ६-३ असा हरल्या. वॉशिंग्टनला ४-४ अशी बरोबरी केली. न्यू बेडफर्डला ५-४ अशा जिंकल्या. एकंदर नऊ सामन्यांत तीन जय, तीन पराजय आणि तीन बरोबऱ्या, असा हिशेब झाला. सतरा वर्षांच्या लिलीच्या खेळाची तेथील वृत्तपत्रांनीं मुक्तकंठानें वाखाणणी केली. ज्या खेळास त्यांचें शरीर अयोग्य म्हणून नऊ महिन्यांपूर्वीं निर्णय झाला होता, तो खेळ त्या पुरुषांशीं बरोबरीनें खेळून आल्या. या उत्तराची दखल घेण्याची गरज मात्र लंडनमध्यें कोणास वाटली नाहीं.

यापुढची हकीकत थोडक्यांत सांगण्यासारखी आहे. कारण ती लांब असली तरी तींत गर्दी नाहीं. डिक-केर कंपनी इंग्लिश इलेक्ट्रिक या मोठ्या कंपनींत विलीन झाली होती. १९२६ सालीं फ्रँकलंड आणि कंपनी यांचें बिनसलें. संघाचें नांव ‘प्रेस्टन लेडीज’ झालें, आणि फ्रँकलंड दुकान चालवून संघाचा व्याप सांभाळूं लागले. लिलीनें शुश्रूषेचें शिक्षण घेतलें आणि प्रेस्टनजवळील व्हिटिंगहॅम येथील मनोरुग्णांच्या इस्पितळांत ती परिचारिका झाली. आठवडाभर रोग्यांची सेवा करावी, आणि सुटीच्या दिवशीं जेथें जागा मिळेल तेथें खेळावें. रग्बीच्या क्लबाचें पटांगण, सार्वजनिक बाग, एखादें कुरण, जें असेल तें. पन्नास हजारांची गर्दी पाहिलेली ही खेळाडू आतां दोरी बांधून केलेल्या हद्दीच्या आंत, कांहीं शें माणसांपुढें तोच डाव्या पायाचा फटका मारीत होती. १९३७ सालीं एडिंबराच्या मुलींच्या संघाशीं मोठ्या चुरशीचा म्हणून गाजलेला सामना प्रेस्टननें ५-१ असा जिंकला, त्या वेळीं ती ३२ वर्षांची होती. दुसरें महायुद्ध आलें आणि गेलें. १९४६ सालीं तिला संघाचें कप्तानपद मिळालें. १९५१ सालीं, वयाच्या ४६ व्या वर्षीं, तिनें खेळ थांबविला.

तिनें एकंदर गोल किती केले? हजाराच्या जवळपास, असें सर्वत्र सांगितलें जातें. नक्की आंकडा कोणीं द्यावयाचा? पुरुष खेळाडूंचा एकेक गोल लीगच्या वह्यांत नोंदला गेला. सामन्याची तारीख, मिनिट, प्रेक्षकसंख्या, सारें कांहीं. स्त्रियांना लीगच नव्हती, तेव्हां वहीहि नव्हती. कांहीं वर्तमानपत्रांची कात्रणें, कांहीं कार्यक्रमपत्रिका, सहखेळाडूंनीं जपलेलीं चित्रें, एवढ्यावर तिच्या इतिहासकारांना काम भागवावें लागलें. मैदान बंद केल्यानें केवळ खेळाचा संकोच होत नाहीं, स्मृतीचाहि होतो.

आणि याहून मोठी हानि आणखी एक झाली. लिलीपुरतें पाहिलें तर ती हरली असें म्हणवत नाहीं. ३१ वर्षें ती आपल्या आवडीचा खेळ खेळली. पण गुडिसन पार्कवर १९२० सालीं आईबापांचें बोट धरून जी दहा वर्षांची मुलगी बसली असेल, तिचें काय? तिनें लिलीचा फटका पाहून मनांत कांहीं ठरविलें असेल, तर तें शिकावयास तिला जागा नव्हती. मोठा खेळाडू आपल्यामागें शिष्यपरंपरा ठेवतो. त्याच्या चुकांवरून आणि कौशल्यावरून पुढची पिढी वर चढते. येथें ती शिडीच काढून घेण्यांत आली. गायकाच्या घराण्यांत दोन पिढ्या तालीम बंद पडली, तर केवळ दोन गायक उणे होत नाहींत, घराणेंच संपतें. १९६५ सालीं प्रेस्टनचा हा संघ पुरेशा खेळाडूंच्या अभावीं मोडला, तो यामुळेंच.

पुढें काळ पालटला. स्त्रियांच्या संघांनीं पुन्हां आपली संघटना उभारली, आणि १९७१ सालीं मैदानांवरील बंदी औपचारिक रीतीनें उठली. लिली त्या वेळीं ६६ वर्षांची होती. २४ मे १९७८ रोजीं ती वारली. २००२ सालीं इंग्लंडच्या राष्ट्रीय फुटबॉल संग्रहालयानें थोर खेळाडूंची सन्मानमालिका सुरू केली, तेव्हां त्या मालिकेंत पहिली आणि त्या वर्षींची एकुलती एक स्त्री म्हणून लिली पार हिचें नांव घेण्यांत आलें. तें संग्रहालय त्या वेळीं प्रेस्टनमध्यें, डीपडेलच्या मैदानांतच होतें. ज्या मैदानाचा दरवाजा १९२१ सालीं तिला बंद झाला होता, तेंच हें मैदान. २००८ सालीं असोसिएशननें जुन्या बंदीबद्दल क्षमा मागितली. २०१९ सालीं मँचेस्टरला हलविलेल्या त्याच संग्रहालयांत तिचा पुतळा उभा राहिला. आणि २०२२ च्या जुलै महिन्यांत वेंब्ली येथें युरोपच्या स्त्रियांचा अंतिम सामना पाहावयास ८७,१९२ लोक जमले, व त्यांत इंग्लंडच्या मुलींनीं विजय मिळविला.

ही शेवटची संख्या ऐकून आपणांस संतोष होईल, आणि तो व्हावाहि. पण तिच्या शेजारीं दुसरी एक संख्या ठेवून पाहावी अशी माझी विनंति आहे. इंग्लंडांत स्त्रियांच्या दोन क्लबांच्या सामन्याला गुडिसन पार्कवरील त्या ५३,००० हून अधिक प्रेक्षक पुन्हां लोटावयास १०० वर्षांहून अधिक काळ जावा लागला. लोकांची आवड शंभर वर्षें झोंपली होती, असा याचा अर्थ नव्हे. आवड १९२० सालींच जागी होती आणि नाताळच्या थंडींत दरवाजाबाहेर उभी होती. वर्षभरानें दरवाजा लावला गेला, आणि पुढच्या पिढ्यांना वाटूं लागलें कीं, आंत कधीं कोणी नव्हतेंच. कोणत्याहि क्षेत्रांत ‘स्त्रियांनीं येथें पूर्वीं कांहीं केलेलें नाहीं’ असें वाक्य आपल्या कानीं पडलें, म्हणजे तेथें पूर्वीं एखादें कुलूप होतें काय, एवढी चौकशी आधीं करावी. लिली पार हिच्या चरित्रावरून आपणांस घेण्यासारखें कांहीं असेल, तर तें माझ्या मतें एवढेंच आहे.